विहिरीची चाल

शिकवणी सुरू करण्याआधी सलोमीबाई पियानोला पाणी द्यायच्या. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग मला पुढचं सगळं सांगावं लागतं. त्या गुडघे टेकून पियानोच्या पायाशी बसत, खालची फळी दोन्ही हातांनी काढून भिंतीला टेकवत आणि आत ठेवलेल्या पितळी वाडग्यात तांब्यातलं पाणी हळूहळू ओतत. फळी परत बसवली की कमरेवर हात ठेवून उठत आणि म्हणत, "प्यालं. आता गाईल."

नगरची हवा कोरडी. त्या हवेत लाकूड आकसतं, आतले सांधे सुटतात, सूर उतरतात. पोटात थोडी ओल राहिली तर लाकूड जीव धरून राहतं. ही युक्ती बाईंना त्यांच्या बोर्डिंगच्या दिवसांत एका म्हाताऱ्या मॅडमनी शिकवली होती. पण हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ही त्यांच्यातली काहीतरी पूजा असणार, आणि मी दारात चपला काढून हात जोडून उभी राहिले. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "बरं केलं. त्यालाबी कुनीतरी मान द्यायला पायजे."

मी मूळची कुडाळकडची. सातवीत असताना वडील वारले आणि माझी शाळा सुटली. पुढे लग्न होऊन भिंगारला आले. हे मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बाजाराच्या मागे आमची एक खोली होती. घराभोवती एक झाड नाही, नारळाचं तर नावच नको. माणसं मोठ्याने आणि तोंडावर बोलणारी. मला सगळ्याचीच भीती वाटायची. रेशनच्या दुकानात कार्ड पुढे करायची भीती, पोस्टमनने हाक मारली की भीती, कुणी शिकलेलं माणूस समोर आलं की आपल्या तोंडून काही वेडंवाकडं जाईल ही भीती. आणि ही सगळी भीती माझ्यातून माझ्या पोरीत उतरली होती. मंजू पाच वर्षांची झाली तरी माझा पदर मुठीत धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. बालवाडीत घातलं तर तिथल्या बाईच तिला कडेवर घेऊन घरी आल्या. "रडून रडून निळी पडते हो. वर्षभर घरीच राहू द्या," म्हणाल्या. वर्षभराने काय होणार होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

ते बहात्तरचं साल. पाऊस आलाच नाही. नळ कोरडे पडले तेव्हा जवळच्या मिशन कंपाउंडातली विहीर सगळ्यांना खुली झाली. चर्चच्या शेजारी एक लांबट हॉल होता, त्याच्यासमोर ही विहीर. एक दिवस माझा नंबर आला, दोर ओढायला दोन्ही हात गुंतले आणि कळशी वर येता येता माझ्या लक्षात आलं की पदराला ओढ नाही. मागे पाहिलं तर मंजू नाही. माझ्या हातून दोर सुटला. कळशी खाली कुठे जाऊन आपटली ते मी पाहिलंही नाही.

ती सापडली हॉलमध्ये, पियानोच्या खाली. मांडी घालून बसली होती आणि कान लाकडाला लावलेला होता. वर एक काळीसावळी, उंच बाई वाजवत होती. पांढरी सुती साडी, दंडापर्यंत बाह्या, डोळ्यांवर जाड चष्मा. पायाशी मूल बसलंय म्हणून तिने वाजवणं थांबवलं नव्हतं.

"बाई, माफ करा. चूक झाली. तिने असं आत यायला नको होतं," मी म्हणाले.

वाजवणं पुरं करून मग त्यांनी मान वळवली. "चूक तिची न्हाई. ती आपली आपन आली. न्यायला तुमी आलात, चूक तुमची."

त्यांनी वाकून मंजूला विचारलं, "कसं वाजतंय खालून?" मंजूने कान लाकडावरून काढला नाही.

"उद्या चारला आना हिला."

"आम्ही हिंदू आहोत," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. काहीतरी सांगून टाकावं असं वाटलं.

"असा की," बाई म्हणाल्या. "पियानोनं अजून कुनाला विचारल्यालं न्हाई."

सलोमीबाई साळवे सोनईच्या. वडील तिकडे शाळामास्तर होते. मुलीला त्यांनी लहानपणीच नगरच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. तिथे त्या शिकल्या, तिथेच पुढे मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या आणि निवृत्त झाल्यावर चर्चचा पियानो आणि भिंगारमधली चार पोरं एवढ्यावर त्यांचा दिवस जाई. लग्न केलं नव्हतं. कुणी आगाऊपणे विचारलंच तर म्हणायच्या, "विचारलं हुतं दोघांनी. पन दोघंबी तालात चालत नव्हते."

त्यांच्या दोन भाषा होत्या. एक पुस्तकातली, शुद्ध, प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखी. दुसरी सोनईची. रागावल्या की त्या शुद्ध बोलत आणि माया आली की सोनईचं. पोरांना हे चांगलं ठाऊक होतं. बाई "हे काय चालले आहे?" म्हणाल्या की वर्गात टाचणी पडलेली ऐकू येई, "काय चाललंय रं" म्हणाल्या की पोरं त्यांच्या गळ्यात पडत.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी मंजूला पट्ट्यांवर बोटं ठेवायला शिकवतील. पण बाईंनी तिला परत पियानोखाली बसवलं. वर त्या वाजवणार आणि खालून हिने फक्त हात करून दाखवायचं, सूर वर गेला की खाली आला. बस्स. आठवडाभर एवढंच. मी बेचैन झाले. मनात आलं, आपण गरीब, अडाणी म्हणून उगाच पोरीला खेळवतायत. पण विचारायचा धीर नव्हता. बाईंनी माझा चेहरा वाचला असावा. "मंजूची आई," त्या म्हणाल्या, "पाहुना आल्या आल्या त्याला सैपाकघरात न्हेत्यात का? आधी वट्ट्यावर बसू द्या की."

मग तिला स्टुलावर घेतलं. पाय लोंबकळत म्हणून खाली एक पाट ठेवला. माझी खुर्ची स्टुलाला लागून होती. मंजूच्या डाव्या मुठीत माझा पदर आणि उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर. बाईंनी त्या मुठीकडे एकदाच पाहिलं.

पुढच्या वेळी गेलो तर खुर्ची खिडकीपाशी. पदर ताणला तर जेमतेम पोचत होता. मी तिरकी होऊन, मान वाकडी करून बसले. त्याच्या पुढच्या वेळी खुर्ची व्हरांड्यात. तिथून पदर पोचायचा प्रश्नच नव्हता. मंजूने भोकाड पसरलं. मी उठणार, तोच बाईंनी माझ्याकडे न बघताच हाताने 'बसा' म्हणून खूण केली. त्यांनी पोरीला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि तिच्या हुंदक्यांच्या मागोमाग वाजवायला लागल्या. हुंदका लांबला की सूर लांबायचा, तुटला की तुटायचा. थोड्या वेळाने मंजू मध्येच थांबली. सूरही थांबला. तिने मुद्दाम एक हुंदका दिला. सूर आला. मग ती हसायला लागली आणि मी व्हरांड्यात तोंडात पदर कोंबून रडायला लागले.

खुर्ची तिथेही राहिली नाही. ती लिंबाच्या झाडाखाली गेली, मग विहिरीच्या कट्ट्यापाशी. एक दिवस खुर्चीच दिसेना. "बाई, मी कुठे बसू?"

"बसू नगा. बाजारात जा. कायतरी घ्या, न्हाईतर नगा घेऊ. पन जा."

मी पिशवी घेऊन बाजारात गेले. एका दुकानात गोंड्याचा भाव विचारला, दुसरीकडे बांगड्यांचा, घेतलं काहीच नाही. सगळं लक्ष कंपाउंडाकडे. परत आले तर मंजू पियानोवर होती आणि मी आल्याचं तिला कळलंही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी रिकामी पिशवी घट्ट धरून बाहेरच उभी राहिले. बाई दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीनं पदर सोडला. आता तुमी पोरीचा झगा सोडा."

सगळ्या पोरांना त्या पहिल्यांदा एकच चाल शिकवत. त्यांनी स्वतःच बसवलेली, पाच बोटांत मावणारी. तिचं नाव 'विहिरीची चाल'. करंगळीपासून एकेक पट्टी उतरत सूर खाली खाली जायचे. अंगठ्याखालच्या पट्टीवर बादली पाण्याला टेकायची. तिथे थांबायचं, ती भरू द्यायची, आणि मग हळूहळू वर ओढायची. "घाई केली तर पानी सांडतं," बाई म्हणत. "आन् तळाला गेल्याबिगर वर यायचं न्हाई. अर्ध्यातून बादली ओढली तर रिकामीच यील." मंजू ही चाल जेवणाच्या ताटावर वाजवायची, माझ्या पाठीवर वाजवायची. हे घरी आले की त्यांच्या गुडघ्यावर वाजवायची. ते म्हणायचे, "अगो, माका तेल लावतंस की विहीर खणतंस?" पण गुडघा हलवायचे नाहीत.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी एक गोष्ट केली. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. हे वर्कशॉपमधल्या पान्यांना झेंडू वाहतात. मी विचार केला, माझ्या पोरीचं अवजार कोणतं? सकाळी लवकर गेले. हॉल उघडा होता. मी पियानोवर झेंडूची माळ घातली, झाकणाच्या मध्यावर हळदकुंकू लावलं, पट्ट्यांच्या कडेला आपट्याची पानं ठेवली आणि नमस्कार केला. वळले तर दारात बाई.

तेव्हा मला भान आलं, की ही चर्चची वस्तू. दुसऱ्याच दिवशी रविवारची उपासना होती आणि त्यासाठी पियानो चर्चमध्ये न्यायचा होता. बाई आता शुद्ध बोलणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

त्या जवळ आल्या. माळेचं एक फूल सरळ केलं. "नवरी दिसतीया की," म्हणाल्या.

माळ त्यांनी घरी नेऊन दारावर टांगली. कुंकू मात्र पुसलं नाही. त्यावर क्रोशाचं एक पांढरं फडकं घातलं आणि वर प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं. मला नंतर दुसऱ्या एका बाईंकडून कळलं, की उपासना सुरू असताना पाळकसाहेबांनी विचारलं, "सलोमीबाई, आज झेंडूचा वास कुठून येतो आहे?" बाई म्हणाल्या, "खिडकी उघडी आहे, साहेब." पाळकसाहेबांनी फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग उघडीच राहू द्या."

दसऱ्यानंतर दुष्काळ आणखी आवळत गेला. विहिरीचं पाणी खाली गेलं, दोर पुरेना म्हणून त्याला दुसरा दोर बांधला. टँकर आला की बाया हंडे घेऊन धावत. अशा दिवसांतही बाई पियानोच्या पायाशी बसून तांब्या रिता करायच्या. कुणाच्या डोळ्यांत ते सलणार नाही? रांगेतली एक सखूबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मानसं टँकरमागं ऊर फुटंस्तवर पळत्यात, आन् ही बया लाकडाला पानी पाजतीया."

बाई रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "सखू, माझ्या तोंड धुतल्या पान्यावर त्ये जगतंय. तुझ्या हंड्याला त्यानं तोंड लावल्यालं न्हाई. यकदा यीऊन चव बघ त्याच्या वाडग्याची." रांग हसली. सखूबाईही हसली.

खरंच तसं होतं. बाई भाजी धुतलेलं, हात धुतलेलं पाणी एका बुडकुल्यात साठवत आणि तेच वाडग्यात घालत. रांगेतलं ते बोलणं होण्याआधी मला हे ठाऊक नव्हतं. एकदा मी आपली घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या, त्यात पिण्याचं गाळलेलं पाणी, वर झाकणी, असा नैवेद्यासारखा घेऊन गेले. बाईंनी झाकणी काढून आत पाहिलं.

"हे पाणी कोणत्या हंड्यातले आहे?"

शुद्ध. मी घाबरले. "पिण्याच्या."

"मुलीला पाजा. आता, माझ्यासमोर. उरलेले तुम्ही प्या. माणसाचे पाणी लाकडाला घालायचे नाही. पुन्हा असे करू नका."

आम्ही दोघी त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी प्यालो. मंजूचं पिऊन झाल्यावर बाईंनी तिच्या हनुवटीवर ओघळलेला थेंब बोटाने टिपला आणि ते बोट वाडग्यात झटकलं. "येवढं चालतं," म्हणाल्या.

होळीच्या सुमाराला मंजू आजारी पडली. बाजारातल्या किती पोरांना त्या वर्षी तेच झालं होतं. खराब पाणी, जुलाब, ताप. दवाखान्यात ठेवावं लागलं. उठली तेव्हा हातांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, जमत असेल तर पाऊस पडेपर्यंत हिला चांगल्या पाण्याच्या गावी पाठवा. हे म्हणाले, "कुडाळला माझ्या आईकडे पाठवू. भाऊ येऊन नेईल." मी म्हणाले, मीही जाते. पण सासऱ्यांच्या घरात तेव्हा आधीच दोन कुटुंबं येऊन राहिली होती आणि यांना वर्कशॉपची पाळी सांभाळून दोन वेळचं रांधून घेणं शक्य नव्हतं. मी राहायचं आणि पोरीने जायचं, असं ठरलं.

मी बाईंकडे धावले. त्या शिकलेल्या, त्यांचा शब्द हे टाळणार नाहीत, अशी माझी खात्री होती. "बाई, तुम्ही यांना सांगा. शिकवणी मोडेल म्हणावं. किती महिन्यांनी तिची मूठ सुटली. तिकडे सगळं विसरेल. परत येईल ती पुन्हा पदर धरूनच येईल."

बाई पियानोचं झाकण पुसत होत्या. पुसत राहिल्या.

"विसरली तर पुन्हा शिकेल. तिला पाठवून द्या."

"पण बाई..."

"पाठवून द्या. पाण्यापुढे पियानो नाही."

हे सगळं शुद्ध मराठीत. मला वाटलं, माझ्यावर रागावल्या. फार उशिरा कळलं, की ती भाषा त्यांनी त्या दिवशी स्वतःला आवरायला वापरली होती.

एस.टी. स्टँडवर मंजू माझ्या दिराशेजारी खिडकीत बसली. रडली नाही. खिडकीच्या गजावर तिची बोटं चालली होती, करंगळीकडून अंगठ्याकडे. गाडी हलली तरी मी तो गज सोडला नव्हता. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि मला घरात थांबवेना. तांब्यात भांडी विसळलेलं पाणी घेतलं आणि सवयीने हॉलवर गेले. बाईंनी वाडगा भरला, फळी बसवली आणि स्टूल पुढे ओढलं.

"बसा."

"मी?"

"रिकाम्या स्टुलावर धूळ बसती. त्याच्यापरीस तुमी बसा."

"बाई, माझी सातवीसुद्धा झाली नाही."

"हितं सातवीचं काम न्हाई, बोटांचं हाय. भाकरी थापता ना? मग हात तयार हाय."

त्यांनी मला उजवा हात शिकवलाच नाही. "त्यो पोरीचा," म्हणाल्या. डाव्या हातासाठी त्यांनी विहिरीच्या चालीला जोड बसवली, रहाटाच्या फेऱ्यासारखी. दोन-तीनच पट्ट्या, पुन्हा पुन्हा, संथ. माझी बोटं राखेने भांडी घासून चिरलेली, कडक. पट्टी दाबली की शेजारचीही दबायची. बाई माझ्या मनगटाखाली आपला तळवा धरत. "पट्टीला पकडू नगा. ती पळून चालल्याली न्हाई. ठिवा बोट, आन् सोडा. ठिवा, आन् सोडा." वाजवता वाजवता कधी माझे डोळे भरून येत. बाई ते पाहत आणि म्हणत, "रडा, पन हात थांबवू नगा. रहाट थांबला की बादली मधीच लटकती." माझ्या आयुष्यात मला इतक्या सवडीने कुणी काही शिकवलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही.

ऐन उन्हाळ्यात, वाडगा भरलेला असूनसुद्धा, एक दिवस अंगठ्याखालची ती पट्टी मुकी झाली. दाबली की नुसता लाकडाचा ठप्पा. बाईंनी फळी काढली, झाकण उघडलं. त्या पट्टीची, तारेवर आपटणारी हातोडी सांध्यातून निखळून पडली होती. सुताराला बोलावून सरस लावून घेतला. चार दिवस टिकली, पुन्हा पडली. परत लावली, परत पडली. पियानोचं काम जाणणारा माणूस पुण्याहून यायचा आणि त्याला बोलावण्याचे ते दिवस नव्हते. बाईंनी हातोडी फडक्यात गुंडाळून स्टुलाच्या कप्प्यात ठेवली. "विहिरीला तळ लागला, तसा चालीलाबी लागला," म्हणाल्या. "यवढंच न्हेलं दुष्काळानं. जाऊ द्या." पण त्या दिवशी त्यांनी दुसरं काही वाजवलं नाही.

पावसाळा लागला, विहिरीला पाणी आलं आणि श्रावणात दिराने मंजूला आणून सोडलं. गालांवर मांस आलं होतं, रंग रापला होता आणि बोलणं अख्खं मालवणी झालं होतं. मी आनंदाने तिला उचलायला गेले, तर तिने आधी माझा पदर धरला. घट्ट, पहिल्यासारखा. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान फिरवली.

चार वाजता मी तिला तशीच, पदर मुठीत असताना, हॉलवर नेलं. दाराशी ती कुजबुजली, "आई, माका भय वाटता."

बाईंनी कान टवकारले. "ही कोन परदेशी बाई आली? हिला मराठी येतं का?" मंजू माझ्यामागे लपली. बाईंनी मुठीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मंजूची आई, तुमचा धडा राहिलाय. बसा."

मी स्टुलाच्या डाव्या अर्ध्यावर बसले आणि रहाट सुरू केला. मंजू माझ्याकडे बघतच राहिली. आई आणि पियानो, हे तिच्या डोक्यात कुठे बसेना. एक फेरा झाला, दुसरा झाला. मग ती पाटावर चढली, स्टुलाच्या उरलेल्या अर्ध्यावर टेकली आणि तिचा उजवा हात पट्ट्यांवर आला. डाव्या मुठीत पदर तसाच. करंगळी, मग पुढचं बोट, मग त्याच्या पुढचं. विसरली नव्हती.

अंगठा पट्टीवर आला. ठप्प.

तिने परत दाबली. ठप्प. तिचा चेहरा पडला. आपण काहीतरी मोडलं असं तिला वाटलं असणार. ती माझ्याकडे बघायला लागली. तो बघण्याचा प्रकार मला ओळखीचा होता. आता ओठ थरथरणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावर बाईंचा हात पडला, जड. मी डावा हात तेवढा चालू ठेवला.

"तू गेल्तीस तवा ती पट्टी मुकी झाली," बाई तिला म्हणाल्या. "तिची बोली आता तुला बोलायची हाय. अंगठा ठिव, आन् तोंडानं म्हन."

जी पोर परक्या माणसापुढे नाव सांगायला तयार नसे, तिला हे सांगत होत्या. मी रहाट फिरवत राहिले. ठेवा, आणि सोडा. किती फेरे झाले कुणास ठाऊक. बाईंचा हात खांद्यावरून हलला नाही.

मंजूने पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. सूर उतरत खाली आले. अंगठा टेकला आणि तिच्या घशातून एक बारीक, पण अगदी नेमका 'आ' आला. तिने तो धरून ठेवला, बादली भरेपर्यंत. मग चाल वर ओढली.

"सांडलं न्हाई," बाई म्हणाल्या. "एक थेंब न्हाई."

दुसऱ्यांदा वाजवताना तिने डावा हातही वर आणला, माझ्या हाताशेजारी. माझा पदर मोकळा होऊन स्टुलावरून खाली लोंबत होता. मी तो उचलून खांद्यावर घेतला. बाई चष्मा पुसत होत्या. तो पुसून होईना.

"मंजूची आई," त्या म्हणाल्या, "बाजारात जा."

मी गेले. त्या दिवशी मात्र गोंडा घेतला, लाल रेशमी, पोरीच्या वेणीसाठी.

त्यानंतर बाईंकडे शिकायला येणारं प्रत्येक मूल ती पट्टी तोंडाने म्हणायलाच शिकलं. पुढे चार पैसे जमले तेव्हा चर्चच्या पंचांनी बाईंना विचारलं, पुण्याहून माणूस बोलवायचा का? बाई म्हणाल्या, "बाकीचं करून घ्या. त्या पट्टीला हात लावू नका. तिच्यामुळे माझी मुले तोंड उघडतात." हे शुद्ध मराठीत सांगितल्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही. आमची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी मला उपदेश केला नाही की आशीर्वाद दिला नाही. माझा डावा हात हातात घेऊन बोटं चाचपली आणि म्हणाल्या, "भांड्यांनी पुन्यांदा कडक झाली बघ ही. वाजवत जा गं पोरी." तोवर त्यांनी मला कधी 'गं' म्हटलं नव्हतं.

मंजू पुढे पियानो शिकत राहिली. आज ती दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. त्यांच्या आयांच्या खुर्च्या ती कुठे ठेवते ते मी पाहिलंय.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघी गेलो. चर्च भरलं होतं. मंजूला पुढे बोलावलं. मी तिच्यामागून गेले नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. मंजू पियानोपाशी गेली, सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसली, खालची फळी काढली. कुणीतरी तांब्या आणून दिला. तिने आत पाणी ओतलं, फळी बसवली आणि कमरेवर हात ठेवून उठली. झाकणावर क्रोशाचं फडकं होतं. ते तिने सरळ केलं. उचललं नाही.

गीतं झाली, प्रार्थना झाली. शवपेटी उचलण्याआधी तिने विहिरीची चाल सुरू केली. सूर एकेक पायरी उतरत आले. माझा डावा हात मांडीवर आपोआप फिरायला लागला. अंगठा पट्टीवर टेकला आणि मी श्वास घेतला.

पण माझ्या आधीच तो सूर आला होता. पुढच्या बाकावरून एका टक्कल पडलेल्या गृहस्थाच्या घशातून, खांबाआडून नर्सच्या पोशाखातल्या एका मुलीच्या, खिडकीपाशी शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरांच्या, आणखी कुठून कुठून. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सगळ्यांनी तो धरून ठेवला, जितका वेळ धरायला त्यांना शिकवलं होतं तितका. मीही धरला.

मग चाल वर यायला लागली, हळूहळू, भरलेली बादली ओढताना हात जसे जड होतात तशी.